ऐकल्याचा हव

"पयले सांगून ठेवतो मॅडम, मले भेव लागून राहिला."

कुठल्याही कामाला हात घालण्याआधी गणवीर बाबू हे वाक्य म्हणत. एसटीत चढण्याआधी, टपालपेटीत पत्र टाकण्याआधी, कुणाच्या लग्नात माईकवर दोन शब्द बोलण्याआधी. एकदा त्यांनी माझ्यासमोर नळाचा वॉशर बदलायला घेतला, तेव्हाही म्हणाले. आडनावात वीर, आणि उभ्या साकोली तालुक्यात इतका भित्रा माणूस दुसरा नाही, असं लोक म्हणायचे. ते स्वतःही म्हणायचे, हसून. मीही सुरुवातीला हसले. पण त्यांची भीती मला लागली आणि अजून गेलेली नाही. आता हे लिहितानासुद्धा कुणी वाचलं तर काय म्हणेल, म्हणून मी मघापासून तीनदा थांबले आहे.

बाबू म्हणजे कोर्टातले बाबू. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी तालुक्याच्या कोर्टांत टायपिस्टची नोकरी केली. साक्षीदाराचं म्हणणं साहेब सांगायचे, हे टाइप करायचे. निवृत्त झाल्यावर एकोडीला आले, तलावाच्या पाळीजवळ, म्हणजे बांधाजवळ, दोन खोल्या बांधून एकटेच राहत. बायको वारलेली, मुलगी बालाघाटला दिलेली. अंगात पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि दोन्ही पेनांची टोपणं दोऱ्यानं बांधलेली, कारण हरवली तर! कुठेही गेले तरी दाराजवळची जागा धरायचे. फोन वाजला की तो बंद होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचे, नंबर नीट वाचायचे, मग पाणी पिऊन स्वतः लावायचे. पोस्टानं आलेलं पाकीट त्या दिवशी फोडायचे नाहीत. टेबलावर ठेवून द्यायचे.

"थंडं होऊ द्या त्याले," म्हणायचे. "गरम पाकीट फोडू नये."

त्यांची एक सवय मला पहिल्याच भेटीत दिसली आणि राग आला. मी त्यांच्या हातात सभेचं पत्रक दिलं. त्यांनी ते वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. मग कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. खिशातलं पेन काढून त्यांनी त्या कोऱ्या बाजूवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारली.

"अहो, चांगला कागद खराब केलात," मी म्हटलं.

"कोरा ठेवला तं कोणी काई लिवन ना मॅडम," ते म्हणाले. "अना मंग म्हणतीन का हे गणवीरनं वाचलं होतं."

जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला, तेव्हा बाबूंचं सर्व्हिस बुक चुकून तिकडच्या गठ्ठ्यात गेलं म्हणे. बाबू भंडाऱ्यात, कागद गोंदियात. कागद परत येईपर्यंत हे रोज कोर्टात जाऊन सही करायचे आणि संध्याकाळी साहेबांना विचारायचे, "मी हाओ ना साहेब?" हा किस्सा ते फार रंगवून सांगत. आम्ही पोट धरून हसायचो. माणूस इतका का भितो, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

आता मी त्यांच्या वाटेला कशी गेले ते सांगते. मी लाखांदूरची. कापगत्यांची. तेव्हा भंडाऱ्याच्या एका संस्थेत कंत्राटावर होते. आमच्या संस्थेला काम मिळालं होतं एका जागतिक मंचाचं. जगभरातली सरकारं, कंपन्या, संस्था वर्षातून एकदा कुठल्यातरी मोठ्या शहरात जमतात आणि इंटरनेट कसं चालावं, कुणाला किती मिळावं, कुणाची काय माहिती कुणी ठेवावी, यावर बोलतात. या मंचाला कायदा करता येत नाही. पण तिथे जे लिहिलं जातं ते दाखवून मग सगळे कायदे करतात. आणि गंमत अशी, की कायदा करत नाही म्हणून या मंचाला जाब विचारणारंही वर्षानुवर्षं कुणी नव्हतं. फार ओरड झाली तेव्हा त्यांनी तिघांची एक समिती नेमली, मंचाबाहेरच्या माणसांची. मंचानं कुणाच्या नावावर खोटंनाटं लिहिलं, तर त्या माणसानं या समितीकडे जायचं. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की खेड्यापाड्यातल्या लोकांचं मत घ्यायचं, फॉर्म भरायचे, पाठवून द्यायचे.

प्रस्ताव असा होता. गावातल्या सार्वजनिक केंद्रावर इंटरनेट वापरायचं तर आधी अंगठा द्यायचा. अंगठा जुळला तरच लाईन सुरू. आणि कोणी काय पाहिलं, काय वाचलं, याची नोंद त्या अंगठ्याखाली कायम राहणार. गाव हो म्हणालं, तर पहिला प्रयोग त्याच गावात.

एकोडीच्या ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सभा झाली. बाया खाली सतरंजीवर, बापे भिंतीला टेकून, गणवीर बाबू दाराजवळ. माझ्या हातात फॉर्म. प्रत्येक मुद्द्यापुढे तीन चौकोन: होय, नाही, मत नाही. मी मुद्दा मराठीत वाचायची.

"केंद्रावर येणाऱ्यानं अंगठा द्यावा..."

"हव," बाया म्हणाल्या.

"आणि त्याची नोंद राहावी..."

"हव."

"आणि ही नोंद सरकारला, कंपनीला पाहता यावी..."

"हव जी."

मी होयच्या चौकोनात खूण करत गेले. पुढच्या ओळीत पारबताबाई होत्या, जन्मभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणी केलेल्या. त्यांनी आपला अंगठा वर धरला आणि म्हणाल्या, "हव बाई. मंग आमचा आंगठा उठत नाही तं? राशनच्या मशीनवर उठत नाही, चिखलानं रेघाच नाही राहिल्या." सगळ्या हसल्या. मीही हसले. चौकोनात या वाक्याला जागा नव्हती. साडेचारची गाडी चुकली असती. मी 'होय' वर खूण केली, हजेरीपटावर सह्या-अंगठे घेतले आणि निघाले.

मला कळत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. माझी आई फोनवर बोलताना दर वाक्याला हव म्हणते. आमच्याकडे समोरचा बोलत असताना हव म्हटलं नाही, तर तो थांबून विचारतो, "ऐकून राहिली का?" हव म्हणजे ऐकतेय, बोल पुढे. मी याच हव-हवमध्ये वाढलेली. आणि तरी खूण केली. पुण्या-मुंबईच्या कुणी केली असती तर तिला माफ तरी करता आलं असतं.

दोन महिन्यांनी अहवाल छापून आला. इंग्रजीत जाडजूड, मराठीत चार पानी सारांश. त्यात लिहिलं होतं, की एकोडीच्या ग्रामस्थांनी प्रस्तावाला एकमुखानं संमती दिली. मी सारांशाच्या प्रती गावात वाटायला पाठवल्या. चार दिवसांनी गणवीर बाबू एसटीनं भंडाऱ्याला आले आणि आमच्या ऑफिसच्या दारात उभे राहिले. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला.

"पयले सांगून ठेवतो मॅडम..."

"हो बाबू, भेव लागून राहिला. बसा. काय झालं?"

त्यांनी सारांश काढला. चौथ्या पानाच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, एक ओळ होती: या नोंदीत ज्यांचे म्हणणे आले आहे त्यांची हरकत असल्यास स्वतंत्र समितीकडे कोणत्याही भाषेत लेखी कळवावे. ती ओळ मी वाचली नव्हती. आमच्या संचालकांनी वाचली नव्हती. मला वाटतं, ज्यानं छापली त्यानंही वाचली नसेल. बाबूंनी वाचली होती, कारण शेवटची ओळ वाचल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे.

"हे कोणती समिती?" त्यांनी विचारलं. "याच सभेवाल्याईची का दुसरी?"

"दुसरी. बाहेरची."

"पक्कं ना? मंग ठीक हाय. ज्या साहेबानं निकाल देला, त्याच साहेबापुढं अपील नसते."

तेवढ्यात आमचे संचालक सर आतून आले. त्यांनी बाबूंच्या खांद्यावर हात ठेवला, चहा मागवला आणि म्हणाले, "काका, कशाला एवढ्या लांब जाता? आम्हीच चौकशी करतो ना घरच्या घरी. कापगते मॅडमनीच नोंद केली आहे, त्याच तपासतील."

बाबूंनी कप न पिताच टेबलावर ठेवला, एकदा दाराकडे पाहिलं. पण ते म्हणाले, "ज्यानं टाइप केलं त्यालेच इचारता का, बरोबर हाय का म्हणून?"

संचालक हसले आणि आत गेले. ते हसणं मला आवडलं नाही. बाबूंना स्टँडवर सोडायला गेले तेव्हा मी चिडूनच बोलले. "बाबू, तुम्ही पाकिटाला भिता, फोनला भिता, आणि हे लफडं कशाला अंगावर घेता? माझी नोकरी जाईल, कळतं का तुम्हाला?"

तेव्हा स्टँडच्या बाकावर बसून त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. त्याआधी त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती, असं म्हणाले, आणि मला ते खरं वाटलं.

नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. कोणतं कोर्ट ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. साहेब नवे, दूरच्या जिल्ह्यातून आलेले, चांगले होते. सागवान चोरीचा खटला. आरोपी आंबागडकडचा एक जंगलमजूर. पुरावा संपल्यावर साहेब आरोपीला एकेक गोष्ट सांगून त्याचं म्हणणं विचारत होते. लाकूड तोडलं असं साक्षीत आलं आहे. हव. ते बैलगाडीत भरलं असं आलं आहे. हव. ती गाडी तुझी होती. हव, हव. साहेबांनी सांगितलं, लिहा: होय, हे खरे आहे.

"माझे बोटं थांबले मॅडम," बाबू म्हणाले. "मले ठाऊक होतं ना. तो ऐकून राहिला होता. साहेब संपवतीन, मंग सांगीन म्हणून वाट पाहून राहिला होता. गाडी त्याची नोहोतीच, त्याच्या मालकाची होती. साहेबानं चष्म्यावरून पाह्यलं. म्हणे, काय झालं गणवीर?"

"मग?"

"मी म्हणलं, काई नाही साहेब. रिबन अडकली."

मग त्यांनी टाइप केलं. आरोपीनं अंगठा दिला. त्याला शिक्षा झाली. शिक्षा भोगून आल्यावर तो एकदा बाजारात भेटला आणि त्यानं हात जोडून म्हटलं, "बरे हा ना बाबू?" त्याला काहीच माहीत नव्हतं. बाबू त्या दिवशी बाजारातून पळत घरी गेले. तेव्हापासून हे सगळं: पाकीट, फोन, दाराजवळची जागा, मागच्या बाजूची रेघ.

"निस्ता हव कानाचा असते," ते म्हणाले. "मांगून माणूस काई बोलला, तं तो तोंडाचा. कानाचा हव तोंडाच्या खान्यात नाही टाकाचा. मी टाकला. आता तुमी टाकला. मले तुमाले नाव नाही ठेवाचं. पण मी आता कोर्टात नाही, मले साहेब नाही. आताही नाही बोललो तं मंग कवा बोलू?"

गाडी लागली. ते चढले. मी ऑफिसात परत आले आणि दिवसभर काहीच काम केलं नाही.

बाबूंनी हरकत स्वतःच्या टाइपरायटरवर मराठीत लिहिली, दीड पान. मागे रेघ मारली. साकोलीला जाऊन एका दुकानातून स्कॅन करून पाठवली. पाठवल्यावर दोन दिवस त्यांनी दार उघडलं नाही, असं शेजारच्यांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी गावात बातमी पसरली, की गणवीर बाबूनं गावाचं इंटरनेट थांबवलं. लोक खवळले. कॉलेजची पोरं, दुकानवाला, सगळे. एवढ्या वर्षांनी लाईन येणार होती, ती या म्हाताऱ्यानं घालवली. सरपंच घरी येऊन म्हणाले, "काहून असं केलं जी बाबू? आपलं गाव कोणाच्या डोऱ्यात येईन ना!" रोज दुपारी एक मोटारसायकल त्यांच्या घरासमोर येऊन थांबायची. स्वार उतरायचा नाही, बोलायचा नाही. गाडी पाच-दहा मिनिटं सुरू ठेवायचा आणि निघून जायचा. कोण होता, कुणी पाठवला होता, मला आजही ठाऊक नाही. कदाचित कुणीच पाठवला नसेल. बाबू आतून कडी लावून टाइपरायटरवर कापड घालून बसायचे.

मी एकदा दुपारी गेले होते, तेव्हा ती गाडी आली. बाबूंनी माझा हात धरला. त्या इंजिनाचा आवाज मला अजून ऐकू येतो. आम्ही दोघं तसेच बसलो, आवाज जाईपर्यंत. मग मी म्हटलं, "परत घ्या बाबू. काही होत नाही. एक ओळ लिहून द्या."

"हव," ते म्हणाले.

मला हायसं वाटलं. आणि मग लक्षात आलं, की मागून ते काहीच बोलले नाहीत.

समितीचं उत्तर आलं. सुनावणी होणार होती, व्हिडिओवर. बाबू ग्रामपंचायतीत बसतील, दुभाषा दुसरीकडून जोडला जाईल, नोंद करणारी म्हणून मीही हजर राहायचं. संचालक सर भंडाऱ्याहून जोडले जाणार होते. आदल्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "तुमच्या कंत्राटाचं पुढच्या महिन्यात बघायचं आहे. तुम्ही हुशार आहात." बस, एवढंच.

सुनावणी सकाळी अकराला. पडद्यावर चौकोन दिसत होते. एकात पांढऱ्या केसांच्या बाई, समितीच्या अध्यक्षा. दोघे आणखी. एक दुभाषे गृहस्थ, बोलायला अतिशय शुद्ध. आणि कोपऱ्यातल्या चौकोनात संचालक सर, हाताची घडी घालून. बाबू कोरा पांढरा शर्ट घालून आले होते. हॉलचं दार त्यांनी उघडंच ठेवायला लावलं.

सुरुवात चांगली झाली. बाबूंनी सभेत काय झालं ते सांगितलं, पारबताबाईंच्या अंगठ्याचं सांगितलं. मग अध्यक्षाबाईंनी काही विचारलं आणि दुभाष्यांनी ते मराठीत सांगायला घेतलं. गृहस्थ सावकाश, एकेक तुकडा करून बोलत होते.

"गणवीरजी, सभेच्या हजेरीपटावर आपली सही आहे..."

"हव."

"त्या वेळी आपण उठून विरोध नोंदवला नाही..."

"हव."

"तेव्हा सभेचा जो वृत्तान्त छापला आहे, तो बरोबर आहे असं आपण मान्य करता का?"

"हव..."

दुभाषे कॅमेऱ्याकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, होय, ते मान्य करतात.

मला ते कळलं. बाबूंनाही कळलं, कोर्टात आयुष्य गेलेला माणूस, तेवढं इंग्रजी त्यांना येत होतं. त्यांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी पुढे बोलायचा प्रयत्न केला, ओठ हलले, आवाजच निघेना. मी माणसाला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात राग नव्हता, नुसती विनवणी होती. बोला तुम्ही, मॅडम, तुम्ही तरी बोला.

अध्यक्षाबाईंनी माझं नाव घेतलं. दुभाष्यांनी विचारलं, "कापगते मॅडम, आपण शेजारी आहात. आपल्याला यात काही सांगायचं आहे का?"

कोपऱ्यातल्या चौकोनात संचालकांनी हाताची घडी सोडली आणि पुन्हा घातली.

"नाही," मी म्हटलं. "मधे रेंज गेली होती. आवाज तुटला."

रेंज गेली नव्हती. आवाज छान येत होता. दुभाष्यांनी सांगितलं, की कोणाला लेखी काही जोडायचं असेल तर तीन दिवसांत पाठवा, आणि पडदा काळा झाला.

बाबूंनी आपले कागद गोळा केले. दोन कागद खाली पडले, ते उचलायला त्यांना बराच वेळ लागला. मी मदत केली नाही. दारापर्यंत गेल्यावर ते थांबले. आजवर ते मला मॅडम म्हणत. त्या दिवशी पहिल्यांदा बाई म्हणाले.

"रिबन अडकली का, बाई?"

त्यात टोमणा नव्हता. मला त्यांनी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. ते खरंच विचारत होते, जसं दुखणं असलेला माणूस दुसऱ्याला विचारतो, तुम्हालाही इथंच दुखतं का. ते पाळीवरून हळूहळू घरी गेले.

त्याच संध्याकाळी संचालकांचा फोन आला. "छान सांभाळलंत," म्हणाले. पहिला दिवस मी स्वतःला समजावत काढला, की बाबूंनीच हव म्हटलं, मी काय करणार. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. मी तिला काहीबाही सांगत होते आणि ती पलीकडून हव, हव करत होती. मी मधेच विचारलं, "आई, तू आता कशाला हव म्हणालीस?" ती म्हणाली, "तू बोलून राहिली ना वं, म्हणून." मी फोन ठेवला आणि रडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसले. पहिलं वाक्य लिहिलं: मी प्रथम नमूद करते, की मला भीती वाटते. मग सगळं लिहिलं. चौकोन, साडेचारची गाडी, पारबताबाईंचा प्रश्न. सभेतला एकही हव संमतीचा नव्हता, तो मी ऐकला आहे आणि मला त्याचा अर्थ जन्मापासून ठाऊक आहे. सुनावणीतला गणवीर बाबूंचा हवही ऐकल्याचाच होता. मी शेजारी बसून गप्प राहिले, आणि रेंज गेली नव्हती. सही केली, कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर तिरपी रेघ मारली आणि दोन्ही बाजू पाठवल्या. पाठवल्यावर मी दाराला कडी लावली.

माझं कंत्राट वाढवलं नाही, ते ओघानंच आलं.

निकाल यायला पावसाळा गेला. समितीनं एकोडीची नोंद रद्द केली. इतर गावांच्या नोंदीही पुन्हा तपासायला सांगितल्या. पुढे कुठेही नुसत्या चौकोनातल्या खुणेवरून गावाची संमती धरायची नाही, माणूस मागून काय बोलला ते लिहायचं, असं स्पष्ट म्हटलं. माझं पहिलं वाक्य त्यांनी इंग्रजीत जसंच्या तसं घातलं होतं. गावात केंद्र पुढे सुरू झालंच, अंगठ्याशिवाय. ज्यांनी बाबूंना शिव्या दिल्या ते तिथे सगळ्यात आधी जाऊन बसले.

निकालाची मराठी प्रत घेऊन मी एकोडीला निघाले, तर साकोलीच्या स्टँडवरच बाबू दिसले. हातात पिशवी, पायाशी पत्र्याची पेटी. मुलीकडे बालाघाटला निघाले होते, कायमचे. मोटारसायकल थांबली होती यायची, पण यांना आवाज ऐकू येतच होता. मुलगी म्हणाली, आता एकटे राहू नका.

मी प्रत दिली. त्यांनी उभ्या-उभ्याच वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. मग सवयीनं उलटी केली. मागची बाजू कोरी होती. पेन काढलं, टोपण दोऱ्याला लोंबत राहिलं. रेघ मारायची म्हणून टोक कागदावर टेकवलं आणि तसेच थांबले. रेघ न मारता कागद मला परत दिला.

"राहू द्या कोरी," म्हणाले. "तुमाले लागन लिवाले."

गाडी लागली. ते दाराजवळच्या सीटवर बसले, खिडकीशी. पेटी मी वर सरकवून दिली आणि खाली उतरले. कंडक्टर तिकिटं फाडत होता, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. आता बोलले नाही तर राहून जाईल, असं वाटलं. मी खिडकीच्या गजांना धरून म्हटलं, "बाबू, त्या दिवशी मी गप्प बसले. मला माफ करा."

"हव," बाबू म्हणाले.

एवढा ऐकू आला. मग गाडीनं जोरात आवाज केला, घंटी वाजली, खिडकी माझ्या हातातून पुढे सरकली. गजांमागे बाबूंचे ओठ हलत होते. ते माझ्याकडेच बघून काहीतरी बोलत होते, बरंच बोलत होते. मी गाडीबरोबर थोडी धावले, "काय? काय म्हणता बाबू?" म्हणून ओरडले. इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही.